जिन्याखालची साईट

५ जानेवारी, रविवार

मेडिकलवाल्यानं नव्या वर्षाची डायरी दिली. म्हणे, काका, बीपीची गोळी घेतली का नाही ते रोज लिहत जा. गोळीचं काय लिहायचं? म्हटलं, बाकीचंच लिहू. घरात बोलायले कोणी नाही, भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं.

पुष्पा हैदराबादले आहे, प्रज्वलकडे. नात झाली तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून गेली होती. आता नात धावते. मी इकडं नागपुरात, पाचपावलीत एकटा. फोनवर रोज म्हणते, 'तुमी या ना इकडं.' जाऊन काय करू? तिथं लिफ्टमध्ये कोणी तोंड उघडत नाही, अन् पेपर तेलुगू. शिवाय इकडं माही साईट आहे.

जिंदगीभर एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे स्टँडवर खिडकीमागं बसून माइकवर गाड्या पुकारायचो. रिटायर झालो पण तोंड काही रिटायर झालं नाही. मंग प्रज्वलनं साईट बनवून दिली. नागपूरहून खेड्यापाड्यात जाणाऱ्या अन् तिकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा. मोठ्या गावच्या गाड्या कुठंही दिसते. माह्या साईटवर मुक्कामी गाडी, बाजाराच्या दिवशीची गाडी, शाळेले सुट्टी असली का न येणारी गाडी. डेपोतले पोट्टे अजून फोन करते, काका, अमकी गाडी बदलली. मी हातातलं जेवण सोडून पहिले ते बदलतो.

ती साईट आज पुन्हा बंद पडली.

साईट राहते प्रेमानंदच्या घरी. म्हणजे इंदोऱ्यात त्याच्या जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असते, त्याच्यात. प्रज्वल त्याले होस्टिंग म्हणते. प्रेमानंद टेलिफोन खात्यातला. स्टँडवरचा फोन दुरुस्त करायले आला होता, चहा पिला, अन् तेव्हापासून दोस्ती. साईट निघाली तेव्हा तोच म्हणे, 'बाहेरच्याले काहून पैसे देतं बे? माह्याकडं ठेव.' आजपर्यंत एक पैसा नाही घेतला त्यानं. विषय काढला तर चिडते.

फोन केला, बंद आहे गा. 'येतो,' म्हणे. पूल उतरला का त्याचं घर, किती वेळ लागते? आला तर इस्त्रीचा शर्ट, हातात चिवड्याचं पाकीट. माह्या कॉम्प्युटरसमोर बसला. इकडून दिसते का नाही ते पाहावं लागते म्हणे. मंग चहा झाला. मंग त्याच्या जुन्या सायबाची गोष्ट, खांबावर चढायले लावलं अन् शिडी घेऊन गेला ते. मंग जेवण. आलू-वांग्याची भाजी मी सकाळीच जास्तीची करून ठेवली होती. संध्याकाळी घरी गेला, बटण दाबलं, साईट चालू!

मी फोनवर म्हटलं, बटणच दाबायचं होतं तर पहिलेच काहून नाही दाबलं गा? म्हणे, 'तसं नसते नाना. पहिले बिघाड समजावा लागते.' असन बाप्पा. टेक्निकल गोष्टीत मी पडत नाही.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा बंद. पुन्हा प्रेमानंद आला. मी गोळाभात केला होता, वरून तेलाची फोडणी. त्यानं दोनदा घेतला. म्हणे, घरी सून डायटचं करते, तेल दिसतच नाही.

जेवण झाल्यावर मी जरा जोरातच बोललो. 'तुही मशीन बदल गा. लोकं मले फोन करून विचारते, काका, साईट काहून उघडत नाही?' तो म्हणे, 'मशीन जुनी झाली, काय करतं. माणसासारखीच आहे.' अन् हसला. मले हसू नाही आलं.

मी आठवून पाहिलं. सुरुवातीची चार-पाच वर्षं साईट कधीच बंद पडली नव्हती. वहिनी गेल्या, म्हणजे प्रेमानंदची बायको, त्या उन्हाळ्यापासून हे सुरू झालं. मशीनचं वय झालं असन तेव्हाच.

२७ जानेवारी, सोमवार

प्रज्वलचा फोन. त्यानंही त्या रविवारी साईट उघडून पाहिली होती, बंद. 'बाबा, मित्राच्या घरच्या पीसीवर कोणी साईट ठेवतं का? उद्या काकांना बरं नसलं, त्यांचं लक्ष नसलं, तुमचं भांडण झालं, मग? तुमची साईट म्हणजे त्यांची मेहेरबानी आहे.'

मले राग आला. म्हटलं, तू नोको शिकवू दोस्ती काय असते ते.

पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात. पोरगा चुकीचं नाही बोलला. पैसे देणाऱ्याले माणूस बोलू शकते. दोस्ताले काय बोलणार? तो फुकटात करते, त्याच्यावर चिल्लावायचं म्हणजे आपलंच तोंड खराब. अन् नाही चिल्लावलं तर साईट बंद. दुसरीकडं नेली तर त्याले वाटन, एवढी वर्षं केलं त्याची किंमत नाही. मी विचार करत बसलो अन् डाळ लागली.

२ फेब्रुवारी, रविवार

साईट चालू. सकाळी चालू, दुपारी चालू, चहाच्या वेळेस पाहिली तरी चालू.

प्रेमानंदचा फोन नाही. मीच लावला, उगीच, मशीन कशी आहे विचारायले. तर तो कन्हानले होता, मोनालीच्या माहेरी, तिच्या भावाच्या पोरीचा वाढदिवस. मोनाली म्हणजे त्याची सून. मागं पोरांचा गोंगाट अन् गाणे. म्हणे, 'मशीन एकदम मस्त आहे, काही टेन्शन नोको घेऊ.'

चांगली गोष्ट आहे. पण वांग्याचं भरीत जास्त झालं होतं. ते सोमवारी खाईन.

१६ फेब्रुवारी, रविवार

बंद. आला. बुद्धिबळ काढलं. त्यानं माहा वजीर मारला अन् मी पट उलटवला. त्यानं मुकाट्यानं सोंगट्या गोळा केल्या अन् पुन्हा मांडल्या. या माणसावर रागावताही येत नाही धड.

कधी कधी वाटते, साईट चालू असली का आम्ही भेटतच नाही. पण दोघं बुढे बिनकामाचे एकमेकांच्या घरी जाऊन बसले, असं आमच्यात नाही. पुष्पा अन् वहिनी होत्या तेव्हा येणंजाणं होतं, पापड लाटायले, लोणचं घालायले, त्यांच्यामागं आम्ही. आता कोणत्या तोंडानं जाऊ? त्याची सून दार उघडन अन् विचारन, काका, काही काम होतं का? काय सांगू तिले?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही. तरी लिहतो.

भिवापूरच्या पुढं एका गावची पोरगी आहे, खुशी. सरकारी भरतीची परीक्षा होती तिची आज नागपुरात. त्या रस्त्यावर काम सुरू आहे म्हणून सकाळची गाडी आजपासून अर्धा तास पहिले सुटून राहिली. डेपोतल्या पोट्ट्यानं काल संध्याकाळी सांगतलं, मी लगेच साईटवर टाकलं. लाल अक्षरात टाकलं.

तिनं सकाळी उठून साईट उघडली. उघडलीच नाही. जुन्या वेळेवर स्टॉपवर आली. गाडी गेलेली. दुसरी गाडी भेटली, पण सेंटरवर पोचली तर गेट बंद.

संध्याकाळी साईट चालू झाली तेव्हा तिले माहा नंबर भेटला. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणे, 'काका, सकाळी दिसलं असतं ना, तर मी अंधारातच निघाली असती.' अन् मंग रडली. मागून तिची माय म्हणून राहिली होती, जाऊ दे वं, त्याईची काय चूक.

प्रेमानंद दुपारी येऊन, जेवून गेला होता. आम्ही कढीगोळे खात होतो तेव्हा ती पोरगी बंद गेटसमोर उभी होती. मले आता काही खाऊशी वाटत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रेमानंदले फोनवर सगळं सांगतलं. अर्ध्यातच तो थांबवून विचारते, 'सकाळी किती वाजता पाहिली तिनं?' मी म्हटलं, पहाटेच, उठल्या उठल्या.

मंग म्हणे, 'नाना, तू साईट दुसरीकडं ने गा. माह्याकडं नोको ठेवू.'

हे मले वाटलंच होतं. त्याले जड झालं होतं ओझं, फक्त तोंडानं म्हणत नव्हता. मी म्हटलं, 'राग नोको मानू.' तो म्हणे, 'मी कायले राग मानू? लवकर ने.' इतक्या सहज सुटला विषय. मी महिनाभर उगीच जीव जाळला.

१२ मार्च, बुधवार

सदरमध्ये दुर्गेश नावाच्या पोऱ्याचं ऑफिस आहे, प्रज्वलच्या ओळखीचा. एसी, काचेचं दार, बाहेर चपला काढायच्या. त्यानं साईट त्याच्या कंपनीत हलवली. प्रेमानंदनं लागणारं सगळं त्याले फोनवरून देऊन टाकलं, एक शब्द जास्तीचा नाही.

मी दुर्गेशले विचारलं, बंद पडली तर कोणाले बोलवायचं? तो हसला. 'बंद नाही पडत काका. अन् पडलीच तर कोणाला यावं लागत नाही, इथूनच होते.' बरं आहे, म्हटलं.

२३ मार्च, रविवार

आज प्रेमानंदचा सत्कार केला.

आमच्या डेपोत कोणाले असंच जाऊ द्यायची पद्धत नव्हती. झाडूवाला असो का मॅनेजर, खुर्चीवर बसवायचं, शाल, दोन शब्द, फोटो, समोसा. ज्यानं एवढी वर्षं फुकटात साईट सांभाळली त्याले मी नुसतं थँक्यू म्हणू? इतवारीतून चांगली शाल घेतली. नारळ नाही घेतला, त्याच्याकडं मानत नाही. गुलाबाचा गुच्छ घेतला. न सांगता गेलो, सरप्राईज म्हणून.

तो बनियनवर होता. शर्ट घालायले लावला, त्याच्याच घरात खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली. मंग मी बोललो. माइकची सवय आहे, आपोआपच तसा आवाज लागला. 'आपण इतकी वर्षे निःस्वार्थपणे सेवा दिली, आपले कार्य आम्ही विसरणार नाही, आपल्याला पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.' मोनालीनं फोटो काढला. चांगलं झालं भाषण.

तो पूर्ण वेळ खाली पाहत राहिला. लाजाळू आहे. शेवटी म्हणे, 'नारळ तेवढा राहिला गा.'

'तू मानत नाही म्हणून नाही आणला.'

'हाव, तेही खरं,' म्हणे.

समोशाले हात नाही लावला. जिन्याखाली पाहिलं तर मशीन बंद, तिच्यावर वहिनीची जुनी साडी झाकून ठेवली होती. मले जरा कसंतरी झालं, मशीनसाठी.

पुलापर्यंत सोडायले आला. म्हणे, 'आता येणं होणार नाही मंग.' मी म्हटलं, 'नाही ना. तुह्या मागची कटकट गेली एकदाची.' तो म्हणे, 'हाव.' अन् शाल तशीच खांद्यावर घेऊन परत गेला. एवढ्या उन्हात.

२४ मार्च, सोमवार

पुष्पाले फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. 'काहो, प्रेमानंद भाऊजीले शाल? येडे झाले का तुमी?'

'काय चुकलं वं?'

'काही नाही,' म्हणे. 'जेवले का?'

हिची हीच सवय. निम्मं बोलायचं अन् जेवले का विचारायचं.

६ एप्रिल, रविवार

साईट चालू आहे. एक मिनिट बंद नाही. दुर्गेशचं काम पक्कं.

आज दोन पोळ्या केल्या अन् सकाळच्याच वरणासोबत खाल्ल्या. बुद्धिबळ काढून दोन्हीकडून खेळून पाहिलं. आपण आपल्यालेच कसं हरवायचं? ठेवून दिलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आमच्या गच्चीवरून इंदोऱ्याकडचे दिवे दिसते. मागं या दिवशी मी अन् पुष्पा प्रेमानंदकडं जायचो, वहिनी जेवल्याबिगर सोडायच्या नाही. वहिनी गेल्यावरही मागच्या वर्षी गेलो होतो. पण तेव्हा साईट बंद होती, काम होतं.

संध्याकाळी कपडे करून निघालो. पूल उतरलो. रस्त्यावर निळे झेंडे, डीजे, सरबताचे स्टॉल, पोरींचे नवे ड्रेस. एकानं ओळख ना पाळख, सरबताचा गिलास हातात दिला अन् म्हणे, घ्या काका, जय भीम. मीही म्हटलं. प्रेमानंदच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तो घरासमोर खुर्ची टाकून बसला होता, पांढरे कपडे, एकटाच, येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाहत.

हाक मारायची होती. पण मंग म्हटलं, तो विचारन, काय काम काढलं? शुभेच्छा तर मी सकाळी मोबाईलवर पाठवल्याच होत्या, त्यानं हात जोडलेलं चित्रही पाठवलं होतं. एकदा झालेलं काम पुन्हा कसं करू?

गिलास स्टॉलवर ठेवून परत आलो. येतानी पूल चढायले लय वेळ लागला.

४ मे, रविवार

आज डोकं फिरलं आहे.

कमाल चौकात भाजी घ्यायले गेलो तर मोनाली भेटली. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी. म्हणे, 'काका, येत नाही तुमी?' मी म्हटलं, कामच नाही पडलं. 'बाबाही कुठं निघत नाही आता,' म्हणे. 'पहिले रविवारी कसे खूश राहायचे. सकाळीच उठून त्या डब्ब्याचं वायर काढायचे, मंग शर्टाले इस्त्री करायचे, मंग तुमच्या फोनची वाट पाहायचे. मी चिडवायची त्याईले. तुमाले तर मालूमच असन ना काका.'

मी म्हटलं, हो, मालूम आहे. अन् भाजी न घेताच घरी आलो.

वायर काढायचा! लाईट नाही, मशीन नाही, बिघाड नाही. स्वतःच्या हातानं माही साईट बंद करायचा अन् मंग इस्त्रीचा शर्ट घालून माह्याकडं येऊन बिघाड शोधायचा! मी येड्यासारखा त्याच्यासाठी चहा ठेवायचो. लोकं मले फोन करायचे, मी लोकांची माफी मागायचो.

अन् खुशी? त्या पोरीचं वर्ष गेलं. प्रज्वल म्हणाला होता तेच खरं, दोस्ताच्या भरोशावर काही ठेवू नये. मी त्याले शाल दिली. शाल! माह्या हातानं पांघरली.

५ मे, सोमवार

पुष्पाले सगळं सांगतलं. मले वाटलं तीही चिडन. ती नाही चिडली. मंग विचारते, 'काहो, आता रविवारी काय स्वयंपाक करता तुमी?'

'काय करणार? सकाळचं असते तेच खातो. एकट्यासाठी कोण राबन?'

मंग म्हणे, 'मी नाही येत आता तिकडं, हे तुमाले समजलं आहे ना?' असं तिनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं. नातीले सोडून नाही निघवत म्हणे. गुडघेही दुखते. मी म्हटलं, मले मालूम होतं. मालूम नव्हतं. चार महिने म्हणूनच गेली होती ना ती.

विषय प्रेमानंदचा होता, कुठून कुठं गेला. मले कोणाशीच बोलायचं नाही आता.

१८ मे, रविवार

खुशीचा फोन आला. आज तिची दुसरी एक परीक्षा होती. पहाटे साईट पाहिली, गाडी धरली, वेळेच्या पहिलेच सेंटरवर. पेपर चांगला गेला म्हणे. हसत होती. मागून मायचा आवाज, काकाले घरी बोलाव वं, मिरच्या घेऊन जा म्हणा.

मले एवढा आनंद झाला का काय सांगू. कोणाले तरी सांगावं म्हणून मोबाईल घेतला अन् बोट आपोआप प्रेमानंदच्या नावावर. मंग आठवलं. ठेवून दिला. प्रज्वलले लावला तर तो मीटिंगमध्ये. पुष्पा नातीले झोपवून राहिली होती. दुर्गेशले लावला, त्याच्यामुळंच साईट चालू होती म्हणून. तो म्हणे, 'हो का, वा. काही प्रॉब्लेम होता का काका?'

काही प्रॉब्लेम नव्हता.

मंग मी घरातच मोठ्यानं बोललो, पोरगी पोचली बे. भिंतीले काय फरक पडते. साईट चालू असते, दुनिया तिच्यावर गाड्या पाहते, पोरं परीक्षेले पोचते, अन् माह्या दाराची कडी महिना महिना वाजत नाही. दूधवालाही पिशवी लटकवून जाते. मले प्रेमानंदचा राग आहे अन् मले त्याची आठवणही येते. दोन्ही एकाच वेळेस कसं होते, देव जाणे.

२५ मे, रविवार

भात होईपर्यंत लिहून घेतो.

आज नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस. सकाळी कुलरमध्ये पाणी भरलं, साईट उघडली. चालू. बसून राहिलो तिच्याकडं पाहत. मंग उठलो, फोन घेतला अन् प्रेमानंदले लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बहुतेक शिव्याच द्यायच्या होत्या. तिकडून 'बोल नाना' आलं, अन् माह्या तोंडून निघालं, 'साईट बंद पडली गा.'

साईट माह्या डोळ्यासमोर उघडी. भिवापूरच्या गाड्या दिसून राहिल्या होत्या.

साईट त्याच्या जिन्याखाली नाही हे त्याले मालूम नाही का? त्याच्याच हातानं गेली ती. मले वाटलं, आता म्हणन, सदरच्या पोऱ्याले फोन कर, मले काय सांगतं? कानाले फोन लावून मी उभाच राहिलो.

'केव्हापासून?' म्हणे.

'दोन महिने झाले,' मी म्हटलं.

'येतो,' म्हणे.

आला. शर्टाले इस्त्री नव्हती, बटण खालीवर लागलेले. उन्हानं तोंड लाल. मी पाणी दिलं, त्यानं उभ्यानंच पिलं. कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. समोर साईट चालू. दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं, गाड्या वर गेल्या, खाली आल्या. मी मागं उभा होतो.

पडद्याकडं पाहतच म्हणे, 'नाना, त्या पोरीचं मी...'

'मले मालूम आहे. मोनालीनं सांगतलं. लय संताप आला होता तुहा.'

'हाव.'

'अजून आहे थोडा.'

'राहू दे,' म्हणे. 'असाच पाहिजे.'

मी त्याले सांगतलं, मागच्या रविवारी ती पोचली वेळेवर, पेपर चांगला गेला. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, लय वेळ पुसत राहिला. मले काय करावं सुचेना, म्हणून कुलरची पट्टी त्याच्याकडं वळवली.

मंग चष्मा लावून त्यानं चालू साईटकडं नीट पाहिलं अन् म्हणे, 'बंदच आहे गा. वेळ लागन.'

'लागू दे,' मी म्हटलं, अन् दोघांचा भात लावायले आत आलो.